एका तव्यावर दहा पाने

मुंबई-पुण्यात ज्याला ‘सपर क्लब’ म्हणतात, तसा एक उपक्रम मी आणि माझे यजमान सांगलीत, विश्रामबागेतल्या आमच्या घरी काही वर्षांपासून चालवतो. साधारण महिन्यातून एकदा, एखादा विषय ठरवून, आधी नाव नोंदवलेल्या दहा माणसांना आम्ही जेवायला बोलावतो. ही माणसे बहुधा एकमेकांना ओळखत नाहीत, जेवणाचे पैसे आगाऊ देतात आणि पानात काय वाढायचे हे मात्र सर्वस्वी आमच्यावर सोपवतात. असे काही आपल्याही घरी करावे असे वाटणारे अनेक जण सुरुवात कुठून करायची हे विचारतात, आणि त्यांच्या मनात बहुतेक वेळा सजावट असते: टेबलावर काय मांडावे, दिवे कसे लावावेत, पाहुण्यांना एकाच रंगाचे कपडे घालून यायला सांगावे का. माझे उत्तर त्या मानाने रुक्ष असते. सुरुवात तव्यापासून करावी.

सांगलीतल्या जेवणात ज्वारीची भाकरी असणार हे एकदा धरले, की किती माणसे बोलवायची हे दिवाणखान्याच्या आकारावरून ठरत नाही. भाकरी तव्यावरून उतरली की लगेच पानात पडली पाहिजे. दहा मिनिटे डब्यात राहिली तरी तिचा पापुद्रा घाम धरतो आणि ती चिवट होते. थापून तव्यावर टाकलेली भाकरी पाणी फिरवून, उलटून, विस्तवावर फुगून निघेपर्यंत तव्याची अडीच-तीन मिनिटे घेते. म्हणजे एका तव्यावर तासाला वीस-बावीस भाकऱ्या होतात. माणशी दोन भाकऱ्या आणि जेवणाला एक तास, असा हिशेब मांडला की दहा पाने होतात, आणि तिथेच आम्ही थांबतो. दुसरा तवा मांडला तर आमटी-रश्श्याला शेगडी उरत नाही. क्युबामध्ये १९९०च्या दशकात घरगुती उपाहारगृहांना परवानगी मिळाली तेव्हा बारापेक्षा जास्त खुर्च्या मांडता येत नसत; तिथे ती मर्यादा सरकारने घातली होती, आमच्याकडे ती भाकरीने घातलेली आहे.

पिठाचीही एक गोष्ट येथेच सांगून टाकते. दळून बरेच दिवस झालेल्या पिठाची विरी जाते. मग कितीही मळले तरी भाकरी थापताना कडेने चिरते. म्हणून शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, आदल्या संध्याकाळी किंवा त्याच सकाळी गिरणीतून दळून आणतो. भाकरी करायला आमच्याकडे एक मावशी येतात. त्यांचा हात माझ्यापेक्षा कितीतरी जलद आहे आणि त्यांची मजुरी हा आमच्या जमाखर्चातला पहिला आकडा असतो. ज्यांना स्वतःच भाकऱ्या करून स्वतःच वाढायच्या आहेत, त्यांनी सहा पानांपुढे जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

संख्या ठरली की विषय. विषय हा चाळणीसारखा असावा. त्यातून काय गळून जाते यावर त्याची किंमत ठरते. ‘महाराष्ट्रीय संध्याकाळ’ हा विषय नव्हे, कारण त्यात काहीही बसते. हळदीचा विषय मात्र सांगलीत कोणीही सुचवेल. येथली हळदीची बाजारपेठ देशभर माहीत आहे आणि सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु तो विषय घेतल्यावर पहिल्यांदा डोक्यात येतो तो पिवळा टेबलक्लॉथ, पिवळा भात आणि झेंडूची फुले. एवढ्यावर भागवायचे असेल तर हळदीच्या जागी आंबा किंवा केशर घातले तरी काही बिघडणार नाही, आणि म्हणून तो विषय उभाच राहत नाही.

आमच्या भागात हळदीची मुख्य अडचण अशी आहे की ती रोज प्रत्येक भाजीत असते आणि कधीच लागत नाही. कांदा-लसूण चटणीचा चमचा पडला की तिच्या तिखटाखाली, खोबऱ्याखाली आणि लसणाखाली हळद नाहीशी होते. उरतो तो फक्त रंग, आणि तोही लाल तवंगाने झाकलेला. त्यामुळे हळदीच्या संध्याकाळी आम्ही लाल तिखट आणि कांदा-लसूण चटणी यांना स्वयंपाकघरात येऊच देत नाही. राहतात ते पदार्थ ज्यांना हळदीशिवाय दुसरा आधार नाही: हिंग आणि हळद घालून शिजवलेले साधे वरण, हिरव्या मिरचीची पिवळी बटाटाभाजी, फिकट पिवळी कढी, आणि गोडाला हळदीची चिमूट टाकून शिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीचे पुरण भरलेले कडबू. अशा जेवणात हळद चांगली आहे की जुनी, कमी पडली की जास्त झाली, हे पहिल्या घासाला कळते. सांगलीकरांना हे जेवण सुरुवातीला आजाऱ्याचे वाटते. “वहिनी, तिखट काहीच नाही का हो?” हा प्रश्न ठरलेला असतो, आणि त्यासाठी पानाच्या डाव्या बाजूला हिरव्या मिरचीचा खरडा ठेवलेला असतो. तो आमटीत कालवू नका एवढी विनंती करते. सगळेच ती पाळतात असे नाही.

या विषयाने मला पंचांगाकडे पाहायला लावले. हळद अक्षय तृतीयेच्या सुमारास लावतात आणि साधारण नऊ महिन्यांनी, पौष-माघात काढायला घेतात. काढणीपूर्वी पाला वाळत जातो, तो कापून घेतात, आणि त्यानंतर कंद खणतात. याचा स्वयंपाकातला अर्थ असा की हळदीची हिरवी पाने आणि शेतातली ताजी ओली हळद एकाच दिवशी एका पानात येऊ शकत नाहीत. माझ्या सासूबाई माहेरच्या रत्नागिरीकडच्या. त्यांना हळदीच्या पानात वाफवलेल्या पातोळ्यांशिवाय हळदीचा विषय पूर्ण होईल हे मान्य नव्हते, आणि मला ओल्या हळदीचे लोणचे सोडायचे नव्हते. शेवटी एकाच विषयाच्या दोन संध्याकाळी झाल्या. भाद्रपदात पाल्याची, जिच्यात पातोळ्या असतात आणि वाफेबरोबर सगळ्या घरात पानाचा वास पसरतो. आणि माघात कंदाची, जिच्यात आले, लिंबाचा रस, मोहरी आणि मीठ घातलेले ओल्या हळदीचे लोणचे असते. त्या लोणच्याने बोटे दोन दिवस पिवळी राहतात, ही सूचना नाव नोंदवतानाच द्यावी. विशेषतः ज्यांना दुसऱ्या दिवशी कार्यालयात जायचे आहे त्यांना.

कंदाच्या संध्याकाळी जेवणाआधी दहा-पंधरा मिनिटे आमचे एक परिचित बोलतात, ज्यांचे आयुष्य अडत दुकानात गेले. ते हळकुंडे आणि गड्डे वेगवेगळ्या परातींत ओतून ठेवतात, पाहुण्यांना हळकुंड मोडायला लावतात, आतला रंग दाखवतात, आणि शेतातून निघालेला कंद शिजवून, उन्हात वाळवून, पॉलिश केल्यावरच बाजारात दिसणारे हळकुंड होते हे समजावून सांगतात. सांगलीत जन्म काढलेल्या अनेकांना हळद शिजवावी लागते हेच माहीत नसते. हरिपूरच्या पेवांचा विषयही निघतो. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या या गावात हळद साठवण्यासाठी जमिनीत खोल पेवे खणलेली होती, आणि तिथल्या मातीमुळे त्यांत हळद कीड न लागता वर्षानुवर्षे टिकत असे. २००५च्या महापुराचे पाणी त्यांत शिरले आणि त्यांतली बरीचशी निकामी झाली. बोलणे पंधरा मिनिटांपुढे जाऊ द्यायचे नाही हा आमचा नियम आहे, कारण भुकेलेला श्रोता फार लवकर नम्रपणा सोडतो. हरिपूरचा विषय निघाला की मात्र तो नियम मोडतो.

याच संध्याकाळी आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. सांगली, मिरज आणि जयसिंगपूर या पट्ट्यात जैन कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांच्यापैकी नियम पाळणारी मंडळी कंदमुळे खात नाहीत. त्यांना ओली हळद चालत नाही, पण वाळवलेल्या हळदीची पूड चालते. म्हणजे आमचा अर्धा विषय त्यांच्या पानात बसतो आणि अर्धा बसत नाही. त्यांच्यासाठी आल्या-लसणाशिवाय वरण-कढी, बटाट्याऐवजी कच्च्या केळ्याची भाजी आणि लोणच्याच्या जागी आवळा अशी सोय होते; ती वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या पळीने आणि सर्वांत आधी करायची. याहून मोठा प्रश्न वेळेचा. चौविहार पाळणारा माणूस सूर्यास्तानंतर जेवत नाही, आणि रात्री आठला सुरू होणारे जेवण त्याला आपोआप वगळते. आम्ही म्हणूनच थंडीतल्या संध्याकाळी पाच वाजता सुरू करतो. डिसेंबरात सांगलीचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे त्या महिन्यात पावणेपाचला पाने मांडलेली असावी लागतात आणि बोलणे असलेच तर जेवणानंतर ठेवावे लागते. पुण्याच्या एका पाहुण्यांनी “ही काय जेवायची वेळ झाली?” असे विचारले होते, शेजारी बसलेल्या जयसिंगपूरच्या काकांनी त्यांना “आमची हीच वेळ,” एवढेच सांगितले आणि कढी मागितली.

हुरड्याच्या संध्याकाळी तवा नसतो, तरी मर्यादा अधिकच कडक असते. जत, कवठेमहांकाळकडचा शाळू डिसेंबर-जानेवारीत दुधावरून हुरड्यावर येतो, आणि कणीस खुडल्यापासून दाण्याची गोडी कमी होत जाते. त्यामुळे कणसे त्याच दिवशी दुपारी यायला हवीत. गच्चीवर विटा मांडून, खाली माती पसरून, मोठ्या घमेल्यात गोवऱ्यांची आगटी करतो. भाजलेले कणीस दोन्ही तळव्यांत चोळून दाणे सुपात पाखडायचे, आणि ते गरम असतानाच शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही आणि रेवड्यांबरोबर खायचे. चोळणाऱ्याचे हात भाजतात. म्हणून मी पाहुण्यांनाही पाळीपाळीने चोळायला बसवते. अनोळखी माणसे एकमेकांशी बोलायला लागावीत यासाठी याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही. गॅसच्या शेगडीवर हुरडा भाजून ‘हुरडा पार्टी’ म्हणणाऱ्यांबद्दल मी येथे काही लिहिणार नाही.

प्रत्येक विषय खाण्याचाच असला पाहिजे असे नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीता स्वयंवर’ सादर केले आणि त्या स्मरणार्थ ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन मानला जातो. त्या आठवड्यात आम्ही नाट्यसंध्या करतो. जुन्या काळचे जेवण पुन्हा उभे केल्याचा आव त्यात आणत नाही. नाटकाकडून घेतो ती केवळ रचना. पाहुणे येतात तेव्हा हातात भडंग, मग पहिला अंक म्हणजे भाकरी, कृष्णाकाठच्या वांग्यांचे भरीत आणि आख्खा मसूर, आणि त्यानंतर सर्वांनी पानावरून उठून व्हरांड्यात यायचे. नाट्यगृहाच्या मध्यंतरातला बटाटेवडा आणि चहा हा मराठी प्रेक्षकाचा हक्क आहे, तो तेथे उभ्याउभ्या द्यायचा. परत आत जाताना जागा बदलायच्या. भर जेवणात उठायला लावणे हे आपल्या पंगतीच्या रीतीला धरून नाही आणि सासूबाईंनी याला पहिल्यापासून विरोध केला आहे. तरीही सांगते की दुसऱ्या अंकात, भात आणि गोडाच्या वेळी, जो गप्पांचा आवाज येतो तो इतर कोणत्याही संध्याकाळी येत नाही. कोणी नाट्यपद म्हटलेच तर उत्तम, पण तसा आग्रह करू नये. गाणाऱ्याला जेवणानंतर गाणे जड जाते.

भोगीचे जेवण मात्र मला आधी विषयच वाटत नव्हते. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, वांगे-गाजर-हरभरा-पावट्याची मिसळीची भाजी, मुगाची खिचडी: हे संक्रांतीच्या आदल्या दिवशी घरोघर असते, मग पैसे देऊन कोण येणार? जागा सर्वांत आधी भरतात त्या याच दिवशी. वालचंद महाविद्यालयात शिकायला आलेली बाहेरगावची मुले, मिरजेच्या रुग्णालयांत काम करणारे तरुण डॉक्टर, बदलीवर आलेले बँकेतले एकटे अधिकारी: ज्यांच्या भोवती सगळीकडे भोगी शिजते आहे आणि ज्यांना ती कोणी वाढत नाही, त्यांना हा विषय लांबून खुणावतो. त्यामुळे भोगीला सांगलीकरांची नावे आम्ही मागे ठेवतो. काही जण यावर रागावतात, आणि त्यांचा राग मला समजतो.

आता पैसे. आपल्याकडे घरी आलेल्याला जेवू घालणे आणि त्याच्याकडून पैसे घेणे या दोन गोष्टी एका वाक्यात बसत नाहीत, आणि ही अडचण दाराशी सोडवायला गेले की दोघेही ओशाळतात. “अहो, राहू द्या” आणि “अहो, असं कसं” यांत दहा मिनिटे जातात आणि तव्यावरची भाकरी करपते. त्यामुळे रक्कम नाव नोंदवतानाच यूपीआयने घ्यावी, त्या दिवशी पैशांचा विषय कोणी काढू नये, आणि कोणी फळे-मिठाई आणली तर ती सर्वांसमोर मांडावी. रक्कम ठरवताना किराणा आणि भाजी एवढेच धरणाऱ्यांची फसगत होते. मावशींची मजुरी, धुण्याभांड्यांच्या बाईंचा जास्तीचा वेळ, गॅस, दोन दिवसांची आपली मेहनत हे सगळे त्यात यावे. आमच्याकडे सामानाचा खर्च जमा रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास राहतो. त्याहून वर गेला तर पदार्थ कमी करतो, रक्कम वाढवत नाही.

पैसे घेतले की कायदाही आला. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ यात घर आणि दुकान असा भेद नाही. घरच्या स्वयंपाकघरातून अन्न विकणाऱ्यालाही नोंदणी करावी लागते, आणि नोंदणीचा १४ अंकी क्रमांक मिळतो. तो आम्ही स्वयंपाकघराच्या दाराशीच लावला आहे. दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: अनुदानाचा असो वा नसो, १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर व्यवसायासाठी वापरता येत नाही, त्यासाठी १९ किलोचा वेगळा घ्यावा लागतो. गच्चीवरच्या आगटीबद्दल शेजाऱ्यांना आधी सांगावे, आणि त्यांच्याकडे पहिल्या सुपातला हुरडा पाठवावा. याला कायदा लागत नाही.

वाढण्याची रीत हाही एक प्रश्न असतो. आग्रह करणे हा आपल्या यजमानपणाचा प्राण आहे, पण पैसे दिलेल्या माणसाला आग्रह केला की तो संकोचाने घेतो आणि पानात टाकतो. आम्ही पहिली वाढ आमच्या अंदाजाने करतो आणि त्यानंतर भांडी पंगतीतून फिरवतो. ज्याला हवे त्याने मागावे. जमिनीवर पाटावर बसवण्याचा मोह आवरावा. छायाचित्रात ते शोभते, पण साठीच्या पुढच्या माणसांचे गुडघे दुसऱ्या भाकरीला बोलू लागतात. आमच्याकडे साधी लाकडी बाके आहेत आणि ताटे स्टीलची. केळीचे पान भाद्रपदातल्या संध्याकाळीच मांडतो, कारण त्या दिवशी पातळ पदार्थ कमी असतात. रश्श्याच्या जेवणाला ते मांडून पाहुण्यांची परीक्षा का घ्यावी?

कोणते विषय घेत नाही हेही विचारले जाते. इटालियन, मेक्सिकन किंवा थाई संध्याकाळ आम्ही करत नाही. त्या स्वयंपाकांबद्दल मला अनादर नाही. परंतु त्या विषयांत पाहुण्याने काही विचारले तर मी पुस्तकातून वाचलेलेच सांगणार, आणि त्यांचे सामान ज्या दिवशी बाजारात मिळेल तोच त्यांचा ऋतू. ज्यांनी त्या देशांत राहून ते जेवण केले आहे, त्यांनी ते जरूर करावे. विश्रामबागेतून माझ्या हाताशी येणारे सामान जतपासून वारणेपर्यंतचे आहे आणि तेवढ्यात वर्ष भरते.

वर्ष भरते म्हणताना जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या अखेरपर्यंतचे दिवस मी वगळते. त्या काळात आम्ही नावे नोंदवून घेत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या पाण्याची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, आणि कोयनेचे दरवाजे उघडले की सांगलीत सर्वांची नजर त्या आकड्यांवर लागते. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. आमच्या घरापर्यंत पाणी आले नाही तरी रस्ते बंद होतात, कृष्णाकाठची भाजी येत नाही, मावशींचे घर नदीकडच्या बाजूला असल्याने त्यांना सामान हलवावे लागते, आणि स्वयंपाकघरात मोठी पातेली निघालीच तर ती निवारा केंद्रातल्या माणसांसाठी. नोंदणी गणपतीच्या आधी आठ दिवस सुरू होते. पहिली संध्याकाळ पातोळ्यांची असते, आणि तिला भाकरी नसल्यामुळे दहाच्या जागी बारा पाने मांडता येतात.